अपडेट झालं आणि गाण्याचा आवाज फाटला

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण कोडिंग येत नसलं तरी चालेल, घाबरू नका. एक कागद आणि पेन मात्र जवळ ठेवा, मध्ये एकदा लागणार आहे. गाडी चालवत ऐकत असाल तर तेवढा भाग घरी पोचल्यावर परत ऐका.

तर, मार्च २०२१. तारीख २२ आणि २३. जगभरातल्या अँड्रॉइड फोनवर एक विचित्र प्रकार सुरू झाला. जीमेल उघडायचं आणि लगेच बंद पडायचं. परत उघडा, परत बंद. एकट्या जीमेलचं असं झालं असतं तर समजू शकतो, पण एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली बरीच ॲप्स त्याच दिवशी तसंच करायला लागली.

अशा वेळी आपण काय करतो? ॲपचा कॅशे साफ करतो. ॲप काढून परत टाकतो. फोन बंद-चालू करतो. आणि तरी नाही जमलं की प्ले स्टोअरवर जाऊन त्या बिचाऱ्या ॲपला एक स्टार देऊन येतो. त्या दिवशी एक स्टार द्यायला हरकत नव्हती, पण तो चुकीच्या दारात पडला असता. कारण बिघाड त्या ॲप्समध्ये नव्हताच. तो होता अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू नावाच्या एका तुकड्यात. ॲपच्या आतल्या आत एखादं वेबपेज दाखवायचं असेल तर बहुतेक ॲप्स स्वतःचा ब्राउझर लिहीत बसत नाहीत, फोनमधला हा तयार तुकडा वापरतात. तो बिघडला की त्याच्यावर टेकलेलं सगळं कोसळतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसला प्रकार. तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून सांगितलं जात होतं की सेटिंगमध्ये जा, वेबव्ह्यूचे अपडेट काढून टाका. आणि त्यानं ॲप्स चालू होत होती! जीमेलला हातही न लावता जीमेल दुरुस्त. मग गूगलनं वेबव्ह्यू आणि क्रोमचं नवं अपडेट दिलं आणि प्रकरण मिटलं.

आज आपण या जातीच्या बिघाडाबद्दल बोलणार आहोत. खालचा थर बदलला, आणि वरचं काहीतरी भलतंच हलायला लागलं. वरून बघणाऱ्याला कळतच नाही काय झालंय.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते दोन मिनिटांत. एखाद्या सोसायटीची गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक फ्लॅटवाला आपली वेगळी टाकी, वेगळी मोटर ठेवत नाही. एकच टाकी, एकच मोटर, आणि सगळ्यांचे नळ त्यालाच जोडलेले. सॉफ्टवेअरमध्ये लायब्ररी म्हणजे ही टाकी. मेमरीतली माहिती इकडून तिकडे न्या, फाइल उघडा, वेळ सांगा, ही कामं प्रत्येक प्रोग्रॅमला लागतात. ती एकदा लिहून एका जागी ठेवलेली असतात. लिनक्सवर अशी सगळ्यात पायाभूत लायब्ररी म्हणजे जीलिबसी. लिनक्स डेस्कटॉपवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिला जोडलेला असतो.

आता समजा सोसायटीनं नवी, जास्त ताकदीची मोटर बसवली. पाण्याचा जोर वाढला. सगळे खूश. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरातला पाइप फुटला. तो पाइप दहा वर्षांपासून आतून गंजलेला होता, जुन्या मोटरच्या मंद धारेत तो टिकून होता एवढंच. आता मीटिंगमध्ये भांडण कुणाचं कुणाशी होणार, हे तुम्हाला माहितीच आहे. हे उदाहरण लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. साल २०१०. फेडोरा नावाची लिनक्सची एक आवृत्ती आहे, तिचं चौदावं वर्जन येऊ घातलं होतं. ते चाचणीसाठी वापरणाऱ्यांपैकी काहींच्या लक्षात आलं की वेबसाइटवर गाणी ऐकताना आवाज फाटतोय. खरखर, चरचर, मध्येच भलतेच सूर. तेव्हा वेबसाइटवरचं गाणं किंवा व्हिडिओ म्हणजे बहुतेक वेळा ॲडोबीचं फ्लॅश. आजच्या कॉलेजातल्या मुलांना फ्लॅश आठवतही नसेल. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीनं त्याचा आधार अधिकृतपणे बंद केला. पण २०१० मध्ये फ्लॅश नाही म्हणजे यूट्यूब नाही, अशी जवळपास परिस्थिती होती.

यातली कोडी बघा. एक, फ्लॅश तेच होतं, आधीच्या फेडोरावर नीट वाजत होतं. दोन, तेच गाणं डाउनलोड करून दुसऱ्या प्लेअरमध्ये लावलं तर आवाज स्वच्छ, म्हणजे स्पीकर, साउंड कार्ड, ड्रायव्हर सगळं ठीक. तीन, सगळ्यांकडे होत नव्हतं. एकाच्या लॅपटॉपवर खरखर, दुसऱ्याच्या मशीनवर तोच फेडोरा, तेच फ्लॅश, आणि काहीही त्रास नाही. आणि चार, काहीही क्रॅश होत नव्हतं. कुठेही एरर मेसेज नाही.

खरं सांगतो, यापेक्षा क्रॅश परवडला. क्रॅश झाला की निदान कुठे पडलं ते तरी कळतं. चुपचाप माहिती बिघडत राहते तेव्हा हातात धरायला काही नसतं.

शोध जिथे पोचला ते नाव होतं मेमकॉपी. जीलिबसीमधलं अगदी छोटं फंक्शन. काम एकच: मेमरीतल्या या जागेपासून इतके बाइट उचल आणि त्या जागी ठेव. तुम्ही फोनवर काहीही करा, हे किंवा याच्यासारखं काम सेकंदाला असंख्य वेळा चाललेलं असतं. त्यामुळे याचा वेग थोडा जरी वाढला तरी सगळ्याला फायदा. जीलिबसीच्या नव्या वर्जनमध्ये नेमकं तेच केलं होतं. त्या वेळच्या नव्या इंटेल प्रोसेसरसाठी मेमकॉपी जास्त वेगवान केली होती. आणि वेगासाठी काही वेळा ती पहिल्या बाइटपासून शेवटाकडे जाण्याऐवजी शेवटून सुरू करून मागे येत होती.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? पोती गोदामाच्या पुढच्या टोकापासून उचला नाहीतर मागच्या टोकापासून, पोचल्याशी मतलब. बरोबर. जोपर्यंत मूळ जागा आणि नवी जागा एकमेकांपासून वेगळ्या आहेत, तोपर्यंत काही फरक पडत नाही. पण त्या एकमेकींवर चढलेल्या असतील तर?

आता कागद घ्या. एका ओळीत सात चौकोन काढा. पहिले दोन रिकामे ठेवा. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत आकडे लिहा, १, २, ३, ४, ५. आपल्याला हे पाच आकडे दोन घरं डावीकडे आणायचेत, म्हणजे पहिल्या चौकोनापासून पाचव्यापर्यंत. नियम एकच, एका वेळी एकच आकडा बघून नव्या घरात लिहायचा, आणि तिथे आधी जे असेल ते पुसलं जाणार.

आधी पुढून करा. तिसऱ्या घरातला १ पहिल्या घरात. चौथ्यातला २ दुसऱ्यात. पाचव्यातला ३ तिसऱ्यात. तिसऱ्यात १ होता, पण तो आपण आधीच हलवलाय, त्यामुळे पुसला तरी चालेल. असं करत शेवटी पहिल्या पाच घरांत १, २, ३, ४, ५. छान.

आता परत मूळ स्थितीवर या आणि तेच काम शेवटून करा. सातव्या घरातला ५ पाचव्या घरात लिहा. थांबा. पाचव्या घरात ३ होता ना? तो गेला, हलवायच्या आधीच गेला. पुढे, सहाव्यातला ४ चौथ्यात. तिथला २ गेला. मग पाचव्यातलं तिसऱ्यात न्यायचं, पण पाचव्यात आता ५ आहे, म्हणून तिसऱ्यात ५. चौथ्यातलं दुसऱ्यात, म्हणजे ४. तिसऱ्यातलं पहिल्यात, म्हणजे ५. शेवटी काय मिळालं? ५, ४, ५, ४, ५. मूळचे १, २, ३ नाहीसेच झाले.

आता हे आकडे म्हणजे आवाजाचे नमुने आहेत असं समजा. डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची माळच असते. फ्लॅश ती माळ मेमरीत जरा पुढे-मागे सरकवताना मेमकॉपी वापरत होतं, आणि दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या होत्या. प्रत्यक्षात मेमकॉपी एकेक आकडा नव्हे, मोठाले घास उचलते, पण घोळ हाच. सूर जाऊन खरखर उरली.

आणि सगळ्यांकडे का होत नव्हतं, त्याचंही उत्तर इथेच आहे. जीलिबसी प्रोग्रॅम चालू होताना तुमचा प्रोसेसर कोणता आहे ते बघते आणि त्याला साजेशी मेमकॉपी निवडते. जुना प्रोसेसर असेल तर जुनी, पुढून जाणारी. ठरावीक नवे असतील तर नवी. म्हणजे दोन मशीनवर लायब्ररी एकच, वर्जन एकच, तरी आत चालणारा कोड वेगळा. मदत करणारा मित्र म्हणतो, 'माझ्याकडे तर नीट चालतंय', तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण त्यानं काही सिद्धही होत नाही.

आता या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग. फेडोरा वापरणाऱ्यांत एक गृहस्थ होते लिनस टॉरवाल्ड्स. हो, तेच, लिनक्स कर्नलचे जनक. या तक्रारीच्या चर्चेत ते स्वतः उतरले. आणि त्यांनी काय केलं बघा. फ्लॅशचा कोड त्यांच्याकडे नव्हता, ते बंदिस्त सॉफ्टवेअर. जीलिबसी सगळी उलगडत बसणंही नको. त्यांनी स्वतःची एक साधीसुधी, पुढून मागे जाणारी मेमकॉपी लिहिली, तिची एक छोटी लायब्ररी केली आणि ब्राउझर चालू करताना एलडी प्रीलोड वापरून ती आधी लोड करायला लावली.

एलडी प्रीलोड ही लिनक्समधली फार कामाची सोय आहे. प्रोग्रॅम सुरू होण्याआधी तुम्ही सांगू शकता की बाकी सगळ्यांच्या आधी माझी ही लायब्ररी उचल. मग मेमकॉपी हे नाव आलं की सिस्टमची नाही, तुमची वापरली जाते. बाकी सिस्टमला धक्काही लागत नाही. त्यांनी तसं केलं आणि आवाज स्वच्छ झाला.

ही कृती इतकी सुंदर का वाटते मला? कारण तिच्यात फक्त एक गोष्ट बदलली. प्रोसेसर तोच, फेडोरा तोच, ब्राउझर तोच, फ्लॅश तेच, गाणं तेच. बदललं एक फंक्शन. बिघाड गेला म्हणजे दुवा तिथेच आहे. आपण घाईत काय करतो? ड्रायव्हर अपडेट करतो, ब्राउझर बदलतो, कॅशे उडवतो आणि रीस्टार्ट करतो, सगळं एकाच दमात. बरं झालं तरी कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि आठवड्यानं परत आलं की पुन्हा शून्यापासून.

या शोधात आणखी एक हत्यार कामी आलं, व्हॅलग्राइंड. तुमचा प्रोग्रॅम त्याच्या देखरेखीखाली चालवायचा, तो मेमरीतला प्रत्येक व्यवहार तपासतो. अर्थात प्रोग्रॅम वीस-तीस पटींनी हळू होऊ शकतो, गाणं ऐकायची सोय नाही. पण एकमेकींवर चढलेल्या जागांवर कुणी मेमकॉपी चालवली तर व्हॅलग्राइंड सरळ तक्रार लिहून देतो. यात एक गंमत आहे. व्हॅलग्राइंड तपासणीसाठी मेमकॉपीच्या जागी स्वतःची मेमकॉपी बसवतो. त्यामुळे त्याच्याखाली बिघाड वेगळाच दिसू शकतो, किंवा दिसतच नाही. डॉक्टरकडे गेल्यावर दाताचं दुखणं थांबतं ना, तसं. म्हणून त्याचा अहवाल वाचायचा, 'आता नीट चाललं' यावर जायचं नाही.

तर बिघाड सापडला. आता सोसायटीची मीटिंग.

एक बाजू म्हणत होती, चूक फ्लॅशची. सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट लिहिलंय की मेमकॉपीला दिलेल्या जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर काय होईल याची काहीही हमी नाही. त्या कामासाठी वेगळं फंक्शन आहे, मेममूव्ह. ते आधी बघतं की जागा कशा आहेत, आणि त्याप्रमाणे पुढून किंवा मागून उचलतं. नियम आधीपासून कागदावर आहे. तुम्ही वाचला नाही, पाइप तुमचा गंजलेला, मोटरवाल्याचा काय दोष?

दुसरी बाजू टॉरवाल्ड्स यांची. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की साध्या माणसाला स्टँडर्डशी काय देणंघेणं? काल त्याचं गाणं वाजत होतं, आज तुमच्या अपडेटनंतर वाजत नाही. त्याच्यासाठी तुम्ही बिघडवलंत. कर्नलमध्ये ते हाच नियम पाळतात, चालू असलेला वापरकर्त्याचा प्रोग्रॅम कर्नलच्या बदलानं मोडता कामा नये, मग तो प्रोग्रॅम कितीही वेड्यासारखा लिहिलेला असो.

मला विचाराल तर कायद्यानं पहिली बाजू बरोबर आहे आणि तरीही मी दुसऱ्या बाजूला बसेन. कारण एखादी लायब्ररी लाखो लोक वापरायला लागले की तिचं लिहिलेलं वचन आणि तिचं प्रत्यक्ष वागणं यातला फरक पुसट होतो. वर्षानुवर्षं ती पुढूनच कॉपी करत आली, तर कुणी ना कुणी त्यावर विसंबणारच, नकळत का होईना. गूगलमध्ये काम केलेले इंजिनियर हायरम राइट यांच्या नावानं एक नियमच ओळखला जातो, वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या सिस्टमच्या प्रत्येक दिसणाऱ्या सवयीवर कुणीतरी अवलंबून असतं. पाइप गंजलेला आहे हे घरमालकाला तरी कुठे माहीत होतं?

तोडगा २०११ मध्ये जीलिबसी २.१४ मध्ये आला, आणि तो हुशार होता. एकाच नावाची दोन फंक्शन ठेवली. नव्यानं तयार होणाऱ्या प्रोग्रॅमना नवी, वेगवान मेमकॉपी. आणि आधीच तयार झालेल्या जुन्या प्रोग्रॅमनी मेमकॉपी मागितली, तर त्यांना गुपचूप मेममूव्हसारखं सुरक्षित वागणारी. प्रोग्रॅममध्ये कोणत्या वर्जनची मागणी आहे याची खूण असते, त्यावरून लोडर ठरवतो. जुन्या पाइपवाल्यांना जुना जोर, नव्यांना नवा.

पण फुकट काही मिळत नाही. आता नव्या मशीनवर तयार केलेला प्रोग्रॅम जुन्या लिनक्सवर नेला की तो म्हणतो, मला जीलिबसी २.१४ सापडत नाही, आणि चालूच होत नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या सर्व्हरवर स्वतःचा प्रोजेक्ट चालवायला गेलेल्यांपैकी काहींनी हा मेसेज बघितला असेल. एवढासा मेमकॉपीचा कॉल, पण त्याच्यासाठी सगळा प्रोग्रॅम दारातून परत. तो मेसेज कुठून आला त्याची ही पूर्वकथा.

आता गेमर मंडळींसाठी एक छोटी गोष्ट, ऑगस्ट २०२२ ची. जीलिबसी २.३६ आली. तिच्या फाइलमध्ये एक जुनी यादी असायची, कुठलं फंक्शन कुठे आहे ते शोधायची. तिचं नाव डीटी हॅश. तिच्यापेक्षा चांगली नवी यादी कितीतरी वर्षं वापरात होती, म्हणून जुनी काढून टाकली. थोडी जागा वाचली. आणि लिनक्सवर काही ऑनलाइन गेम सुरूच होईनात! कारण ईझी अँटी-चीट, म्हणजे गेममध्ये कुणी लबाडी करतंय का बघणारं सॉफ्टवेअर, ती जुनी यादी वाचत होतं. आर्च लिनक्सनं मग आपल्या पॅकेजमध्ये ती यादी परत घातली.

यातला उलटा योग बघा. २०१० मध्ये नियमाचं पुस्तक लायब्ररीच्या बाजूनं होतं. २०२२ मध्ये ते पुस्तक अँटी-चीटच्या बाजूनं होतं, कारण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये ती जुनी यादी आवश्यक म्हणूनच नोंदलेली आहे. दोन्ही वेळा पुस्तक वेगवेगळ्या बाजूला, आणि दोन्ही वेळा अडकला तो कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस.

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, मग अपडेटच कशाला करायचं? किंवा जरा जाणकार असाल तर म्हणाल, प्रत्येक ॲपनं आपली लायब्ररी आपल्या पोटात घेऊन फिरावं, सामायिक टाकी नकोच.

याचं उत्तर एप्रिल २०१४ मध्ये मिळालं होतं. ओपनएसएसएल नावाची लायब्ररी आहे, इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारी. तिच्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. सर्व्हरच्या मेमरीतली माहिती बाहेरून कुणालाही थोडीथोडी ओढून घेता येत होती, पासवर्डसकट. जिथे लायब्ररी सामायिक होती तिथे एक पॅकेज अपडेट करून सगळे प्रोग्रॅम सुधारता आले. जिथे प्रत्येकानं आपली प्रत पोटात घेतली होती, तिथे एकेक शोधत बसावं लागणार. म्हणून अपडेट बंद ठेवणं हा उपाय नाही. दर वेळी गाणं फाटायला लागलं तर लोक अपडेट बंद ठेवतात, आणि मग हार्टब्लीडसारखं काही आलं की उघडे पडतात. लायब्ररीवाल्यांनी 'चूक तुमची' म्हणून हात झटकले की त्याची खरी किंमत इथे मोजली जाते.

आणि इथेच एक जागा आहे जिथे हुशार लोकसुद्धा चकतात. लिनक्सवर लायब्ररी अपडेट झाली म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम लगेच नवी वापरायला लागत नाहीत. ते सुरू होताना जी उचलली तीच मेमरीत धरून बसतात, डिस्कवरून ती पुसली गेली तरी. म्हणजे हार्टब्लीडचं अपडेट टाकलं पण वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, तर भगदाड तसंच. आणि उलट बाजूनं, सोमवारी लायब्ररी अपडेट झाली, बिघाड मात्र गुरुवारी दिसला, कारण मशीन गुरुवारी रीस्टार्ट झालं. तुम्ही गुरुवारी काय बदललं ते शोधत बसता. गुरुवारी काहीच बदललेलं नसतं! चोर सोडून संन्याशाला फाशी. डेबियन आणि उबुंटूवर नीडरीस्टार्ट नावाचं साधन आहे, कोणता प्रोग्रॅम अजून जुनी लायब्ररी धरून बसलाय ते सांगतं.

म्हणून विचित्र काही व्हायला लागलं की मी आधी तारखा बघतो. फेडोरावर डीएनएफ हिस्ट्री ही कमांड देते, उबुंटूवर एपीटीच्या लॉगमध्ये सगळं तारीखवार असतं. बिघाड दिसला त्या दिवसापासून मागे जायचं, शेवटच्या रीस्टार्टच्याही मागे. मग पाहायचं की एकच प्रोग्रॅम वेडा झालाय की अनेक. अनेक असतील तर त्यांच्यात सामायिक काय आहे. एलडीडी ही कमांड एखादा प्रोग्रॅम कुठल्या लायब्ररींवर उभा आहे ते दाखवते. दोन बिघडलेल्या आणि एका न बिघडलेल्या प्रोग्रॅमची यादी शेजारी ठेवली तरी बऱ्याचदा बोट कुठे ठेवायचं ते कळतं. मग त्या एकाच लायब्ररीचं जुनं वर्जन घालून बघायचं. कायमचं नाही हं, फक्त तपासण्यापुरतं. जीलिबसीच्या बाबतीत तर हे थेट चालू सिस्टमवर करूच नका, सगळंच तिच्यावर उभं आहे. व्हर्च्युअल मशीन किंवा कंटेनर घ्या.

आणि हो, हार्डवेअर विसरू नका. क्रॅश दर वेळी वेगळ्या जागी, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, काहीच पॅटर्न नाही, असं असेल तर रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवा. रॅमची एक पट्टी खराब असेल तर लायब्ररीला शिव्या देऊन उपयोग नाही. दर वेळी त्याच जागी, तीच कृती केल्यावर पडत असेल, तर सॉफ्टवेअरकडे वळा.

फोनवर आपल्या हातात इतकं काही नसतं, हे मान्य. पण अगदी काहीच नसतं असंही नाही. एकाच दिवशी तीन-चार ॲप्स पडायला लागली तर त्या ॲप्सना हात लावू नका. त्यांचा डेटा तर मुळीच पुसू नका, न पाठवलेला मेल किंवा बॅकअप न घेतलेलं चॅट त्यात असू शकतं, आणि बिघाड त्यात नसेलच तर विनाकारण गमावून बसाल. आधी सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू आणि क्रोम बघा, त्यांची वर्जन नोंदवा, प्ले स्टोअरमध्ये त्यांचं नवं अपडेट आहे का बघा. मार्च २०२१ च्या प्रकरणात अजून एक धडा लपलेला होता. गूगलनं नंतर जे कारण सांगितलं, त्यात दोष क्रोम आणि वेबव्ह्यूच्या प्रयोग आणि सेटिंग दूरवरून पाठवणाऱ्या यंत्रणेत होता. म्हणजे 'मी तर काही अपडेट केलंच नव्हतं' असं म्हणणारेही खरंच बोलत असतील. बदल तरीही पोचलेला असू शकतो.

आणि तक्रार लिहायचीच असेल तर 'थर्ड क्लास ॲप, चालत नाही' एवढंच नका लिहू. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं वर्जन, ॲपचं वर्जन, वेबव्ह्यूचं वर्जन, कधीपासून होतंय, काय केलं की होतं, आणि दुसऱ्या कुठल्या ॲपलाही होतंय का, हे लिहा. पाच ओळी. फेडोराच्या प्रकरणात ज्यांनी 'माझ्या या प्रोसेसरवर होतं, त्या प्रोसेसरवर होत नाही' असं लिहून ठेवलं, त्यांच्याही माहितीची कोडं सुटायला मदत झाली. टॉरवाल्ड्स यांच्यासारखी मेमकॉपी आपल्याला लिहिता येणार नाही, पण या पाच ओळी येतात.

कागदावरचे सात चौकोन ज्यांनी खरंच काढले, त्यांच्यासाठी एक गृहपाठ. आता आकडे पहिल्या पाच घरांत लिहा आणि दोन घरं उजवीकडे न्या. या वेळी पुढून गेलात तर काय होतं, शेवटून आलात तर काय होतं? उत्तर कळवा. पुढच्या भागात भेटू.